एन्सिओचा 'याऽऽ'

एन्सिओ कार्प्पानेन म्हणजे बोलण्यात भलताच कंजूष. जन्मभर त्यानं शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावर लोकांनी त्याला नगरपरिषदेवर निवडून दिलं, का, तर तो कधी कुणाला उलट बोलला नाही म्हणून. अहो, उलट कसला, सुलटही बोलला नव्हता! कुणी काही सांगितलं की मान खाली घालून म्हणायचा, "याऽऽ." आपण पाहुण्याला म्हणतो तो 'या' नव्हे हो. आमच्या फिनलंडात 'याऽऽ' म्हणजे "अस्सं होय". त्यात होकार नाही, नकार नाही, नुसती ऐकल्याची पोच. पण परिषदेत मत देताना मात्र 'याऽऽ' म्हणजे ठराव मंजूर! हे कुणी ठरवलं देव जाणे.

तर ठराव आला महामार्गाचा. शहरातून जाणारा रस्ता सरकार रुंद करणार, नगरपरिषदेनं त्याला पाठिंबा द्यायचा. रुंदीकरणाला कुणाचीच ना नव्हती. भांडण होतं रस्त्याखालच्या भुयारी वाटेचं. ती ठरावात नव्हती, आणि तिच्यावाचून वरच्या आळीला तळ्यावर जायचं तर भलामोठा वळसा. एन्सिओची बायको सिल्वी आणि तिच्या मैत्रिणी हिवाळाभर तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आत डुंबतात. ओल्या केसांनी तो वळसा घालायचा म्हणजे मरणच की! 'नाही' जास्त पडले तर भुयार आधी, पाठिंबा मग, असं ठरलं होतं.

निघताना सिल्वीनं नवऱ्याला दारातच अडवलं.

"काय म्हणायचंय?"

"नाही."

"मोठ्यानं म्हण की!"

"नाही!"

नेमकं त्या संध्याकाळी मतदानाचं यंत्र बिघडलं. अध्यक्षा मार्युक्का तोल्वानेन एकेक नाव पुकारू लागल्या. एन्सिओ मनातल्या मनात 'नाही' घोटत बसला होता.

"कार्प्पानेन, एन्सिओ!"

आता ज्यानं जन्मभर हाकेला एकच ओ दिली, तो दुसरं काय म्हणणार?

"याऽऽ."

मत नोंदलं गेलं आणि एन्सिओला दरदरून घाम फुटला. हा तो 'याऽऽ' नव्हे, हे सांगायला हवं होतं. पण सुरुवात कशी करावी? आधी खाकरावं, की थेट 'अध्यक्ष महोदया' म्हणावं? तेवढ्यात शेवटचं नावही झालं. एका मतानं ठराव मंजूर!

"कुणाची हरकत?" मार्युक्काबाईंनी विचारलं. एन्सिओ वाक्य जुळवतच होता. बाईंनी हातोडा आपटला. त्याचं वाक्य जुळलं तोवर सगळे कॉफीला गेले होते.

घरी सिल्वीनं सगळी सभा संगणकावर पाहिली होती.

"मेल्या, 'याऽऽ' काय म्हणतोस!"

"तो तसला नव्हता गं. आपला रोजचा होता."

सिल्वी मटकन खुर्चीत बसली. तिचा आवाज एकदम खाली आला.

"लग्न करू या का, असं मीच तुला विचारलं होतं. तेव्हाही तू 'याऽऽ'च म्हणालास. तो कुठला होता रे?"

"होकाराचा!" एन्सिओ पटकन म्हणाला. खाकरला नाही, अडखळला नाही.

सिल्वी त्याच्याकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"बोलता येतं की तुला झटकन! मग तिथं का नाही बोललास?"

एन्सिओच्या ओठांवर पुन्हा तेच आलं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.