बाटलीवरची तारीख

महेश गेला तेव्हा मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. त्याची आई पैसे आणायला गावी, वळसंगला गेली होती, म्हणून डॉक्टरांनी ते मलाच सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. नील, सई, तुम्ही त्याला व्हिडिओ कॉलवरच पाहिलंत... गॅसचा सिलिंडर एका हाताने जिन्यावरून नेणारा आपला वरचा भाडेकरू. लिहिते आहे तुम्हा दोघा नातवंडांसाठी. पण नील, परवा तू जिममधला फोटो पाठवलास. तीन महिन्यांत इतके वाढलेले दंड पाहिले आणि तेव्हापासून मला चैन नाही.

महेश एका जिममध्ये शिकवायचा. मी शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी मला बाईच म्हणायचा. "बाई, हितं अंडी उकडली तर चालंल का?" पहिल्याच दिवशी विचारलं. "खिडकी उघडी ठेव," मी म्हटलं. पुढे आमची थट्टा सुरू झाली. तो कडक भाकरी दोन बोटांनी मोडून दाखवायचा. "बळ आलं, पण 'मसल'चं स्पेलिंग येईना," असं मी म्हटलं, की हसायचा. "मसल आल्यावर स्पेलिंग कशाला, बाई!"

जिल्ह्याच्या स्पर्धेत दंड कमी पडले म्हणून त्याचा नंबर हुकला. लई मनाला लावून घेतलं त्याने. मग एक दिवस छोटी बाटली घेऊन आला. "जिममधली पोरं घेत्यात. तेवढं वाचून सांगा की." मी चष्मा लावला. कुठलंही औषध घरात आलं, की आधी तारीख बघायची, ही माझी जन्माची शिस्त. "मुदत आहे अजून," म्हटलं आणि बाटली परत दिली. ते तेल आहे, हेही वाचलं होतं. मालिशचं असेल असं धरून चालले. तो ते सुईने दंडात भरणार आहे, हे मनातही आलं नाही... मी विचारलंही नाही.

दंड खरंच फुगले. मग भर उन्हाळ्यात तो पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागला, रोज बर्फ मागू लागला. "लचकलंय, बाई." ताप चढला त्या दिवशी मी स्वतः त्याची बाही वर केली. दंड लालभडक, दगडासारखा टणक. त्याला तसंच रिक्षात घालून नेलं. हे तेल स्नायूत जिरत नाही, साठून राहतं, तिथे पू होतो, असं डॉक्टर म्हणाले. विष रक्तात पसरलं होतं. चार दिवस काढले त्याने.

गेल्या आठवड्यात त्याची आई खोली आवरायला आली. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "त्या सुईवरनं लई भांडले हो मी. तर म्हनला, बाईंनी वाचून बगितलंय. मंग मी गप बसले. तुमी शिकलेल्या..." आवाजात राग नव्हता. मी फक्त तारीख वाचली होती, हे मी तिला सांगितलं. तिने हातातल्या शर्टाची घडी पुरी केली. मग म्हणाली, "ह्ये धरा की जरा." त्याचं लोखंडी डंबेल आम्ही दोघींनी धरलं. वीतभरही उचललं गेलं नाही. ते अजून खिडकीखालीच आहे. झाडताना मी त्याच्या भोवतीने झाडते.

नील, तुझ्या फोटोला मी उत्तर दिलेलं नाही. शाबासकी देववत नाही, रागवायचंही नाही. रविवारी फोन केलास, की अभ्यास, हवा, जेवण हे सगळं नंतर. आधी सांग, दंड कशाने वाढले? या वेळी मी विचारते आहे.