दसऱ्याची सीडी

नेवाशात एसटी स्टँडजवळ पुष्पावतीचं टायपिंगचं दुकान आहे. गावच्या सप्ताहाची पत्रिका अठरा वर्षं तिच्याच हातची. कोणत्या महाराजांचं नाव आधी, अन्नदात्यांत कोण वर, सगळं तिला पाठ. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात ‘अक्षरजुळणी : पुष्पावती’ एवढी ओळ असायची. पत्रिका छापून आली की ती आधी तीच ओळ वाचायची.

यंदा श्रावणाच्या तोंडावर तिचा जुना कॉम्प्युटर बसला. नवा आणला, तर त्यातली विंडोज मराठी टायपिंगचा जुना प्रोग्रॅम घेतच नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं. सप्ताहाचं बघणारे गहिनीनाथ दारात येऊन म्हणाले, “शुक्रवारपत्तुर न्हाई झालं, तर पंकजाकडं देतो बाई. राग धरू नका.”

पंकजाचं दुकान समोरच. पुष्पावतीकडेच ती टायपिंग शिकली. तिच्याकडे विंडोज नाहीच, फुकटातलं लिनक्स आहे, तरी हाच प्रोग्रॅम तिथे मजेत चालतो. मधे एक सॉफ्टवेअर टाकलंय. ते विंडोजचं सोंग घेतं, आणि आपण परक्या घरी आहोत हे प्रोग्रॅमला कळतच नाही. त्याचं नाव म्हणे वाईन. ते ऐकून पुष्पावतीने ‘रामकृष्णहरी’ म्हटलं, आणि चार गिऱ्हाइकांना सांगितलं की तिथे अक्षरं गळतात. गळत नव्हती. तिने पंकजाच्या पत्रिका उन्हात धरून पाहिल्या होत्या.

गुरुवारी शेवटी ती प्रोग्रॅमची मूळ सीडी घेऊन रस्ता ओलांडून गेली. तुझ्या नकलेवर माझा भरवसा नाही, ही अस्सल टाक, म्हणाली.

पंकजाने सीडी उलटी करून पाहिली. दर दसऱ्याला पुष्पावती ती पाटावर मांडून पूजा करी, चकचकीत बाजू वर ठेवून. हळदकुंकवाचा थर तिथे पक्का बसला होता. सीडी चाललीच नाही.

पंकजा हसली नाही. “बाई, बारा वर्षांपूर्वी तुम्हीच मला हिची कॉपी दिली होती. तीच उघडते.”

पडद्यावर ओळखीची करडी चौकट आली. आपली गाय शेजारणीच्या हाताला पान्हा सोडताना बघावं, तसं पुष्पावतीला झालं. ती कीबोर्डसमोर बसली. दुपारपर्यंत पत्रिका झाली. शेवटच्या ओळीत तिने स्वतःचं नाव टाकलं आणि पंकजा काही बोलते का, याची वाट पाहिली.

“असू द्या,” पंकजा म्हणाली. “शिकवलंय तुम्हीच.”

भांडली असती तर बरं झालं असतं. वर पंकजाने पेनड्राईव्हवर लिनक्स, वाईन, प्रोग्रॅम सगळं भरून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिच्या कॉम्प्युटरवर बसवूनही दिलं.

पत्रिका छापून आली. या वेळी पुष्पावतीने तळाची ओळ सगळ्यात शेवटी वाचली.

दसऱ्याला पाटावर सीडी मांडली, कुंकू मात्र तिच्या प्लास्टिकच्या डबीला लावलं. शेजारी पंकजाचा पेनड्राईव्ह ठेवला. देवासमोर दुजाभाव नको म्हणून त्यालाही झेंडूचं फूल वाहिलं; टोपलीतलं सगळ्यात लहान शोधून.