दादाने भेट नाकारली

थोरल्या भावाला मारामारीच्या खटल्यात शिक्षा झाली तेव्हा धाकटी शाळेत होती. शाळा संपल्यावर तिने ठरवलं, समाजशास्त्र आणि गुन्हेगारीशास्त्र शिकायचं. आईने कपाळाला हात लावला. "एक आत गेला तेवढं पुरे नाही वाटतं."

प्रवेशपरीक्षेची तयारी मात्र दादानेच करून घेतली. भेटीच्या खोलीत काचेपलीकडून, फोन कानाला लावून तो विचारायचा, "सांग बघू, शिक्षा कशासाठी असते?"

"जरब बसावी म्हणून. माणूस सुधारावा म्हणून."

"मग माझ्याकडे बघून सांग, कितपत जमलंय?" तो हसायचा. तिला हसू यायचं नाही.

परीक्षा चांगली गेली. मुलाखत घेणाऱ्या बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षी तुरुंगात जाऊन काम करावं लागतं. कैद्याला नेमाने भेटणाऱ्या माणसाला तुरुंगवाले परवानगी देत नाहीत. भेटी थांबवल्या तर बघता येईल."

धाकटीने हे दादाला सांगितलं आणि वर म्हणाली, "मी नाही जात. दुसरं काहीतरी शिकेन."

"डोकं फिरलंय का तुझं?" एवढंच बोलून त्याने फोन खाली ठेवला. भेटीची वेळ अजून बरीच उरली होती.

पुढच्या खेपेला दारावरच्या शिपायाने आईला आत सोडलं आणि धाकटीला अडवलं. "तुम्हाला भेटायचं नाही म्हणतोय तो." ती बाकावर बसून राहिली. आई डोळे पुसत बाहेर आली. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. पुढेही कधी सांगितलं नाही.

धाकटीने प्रवेश घेतला. पहिल्याच महिन्यात सरांनी शिकवलं की घरच्यांशी नातं टिकलेला कैदी सुटल्यावर सहसा पुन्हा वाकड्या वाटेला जात नाही. सगळ्यांनी मान खाली घालून उतरवून घेतलं. तिनेही घेतलं. बाजूच्या मुलीने विचारलं, "तुला भाऊबहीण कोण?" ती म्हणाली, "कोणी नाही."

दुसऱ्या वर्षी तुरुंगातल्या कामाची परवानगी आलीच नाही. तुरुंगाचे साहेब म्हणाले, "भेटायला या नाहीतर नका येऊ, सख्खी बहीण ती सख्खी बहीण. नियम आहे." तिला वाचनालयात बसून करायचं काम दिलं गेलं.

हे दादाला सांगायला ती आईबरोबर गेली. शिपाई आत जाऊन आला आणि त्याने नुसती नकाराची मान हलवली. आईने आत जाऊन दादाला सगळं समजावलं, तरी तो धाकटीला भेटायला तयार झाला नाही. परतीच्या बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तू शीक आता. दुसरं काय करणार आहेस?"