चार शब्दांचा नकार

म्हातारपणी अंघोळ घालायला, भरवायला माणूस ठेवावा लागला तर त्याचा खर्च देणारा इन्शुरन्स आम्ही दोघांनी मिळून, विचारपूर्वक नाकारला, असं मी गेली कित्येक वर्षं सांगत आलो. इथे ॲन आर्बरच्या मराठी मंडळात तरुण मंडळी विचारायची, "काका, घ्यावा का हो?" आणि मी हातातला समोसा खाली न ठेवता तज्ज्ञाचं मत द्यायचो. ते सगळं खोटं होतं.

अर्ज आम्ही दोघांनी केला होता. मग स्मरणशक्ती तपासायला कंपनीच्या नर्सचा फोन आला. ती दहा शब्द सांगायची, इकडच्यातिकडच्या गप्पा मारायची आणि मग ते शब्द परत विचारायची. बायकोला नऊ आठवले. माझी पाळी आल्यावर मी ऐटीत खोलीचं दार लावून घेतलं. मला चार आठवले. पाचवा म्हणून अंदाजाने 'टेबल' म्हणालो. टेबल नव्हतं, हे नर्सच्या गप्प राहण्यावरून कळलं.

नकाराचं पत्र मी गॅरेजमध्ये फाडलं. जन्मभर दुसऱ्यांच्या डिझाइनमधल्या चुका काढलेला इंजिनियर नापास झाला, हे घरात कसं सांगणार? बायकोला म्हणालो, "मीच नको म्हटलं त्यांना. कंपनी काही खरी नाही."

"अहो, पण माझी पॉलिसी मंजूर झालीय."

"तुला काय होणार आहे? आणि मी आहे ना."

तिने पॉलिसी कॅन्सल केली.

दोन वर्षांपूर्वी तिला स्ट्रोक आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं शाबूत राहिलं. तेव्हापासून तिचं सगळं मीच करतो, म्हणजे तिला गाउन उलटा घालतो आणि औषधाच्या वेळी तीच मला हाक मारते. गेल्या महिन्यात तिला टबातून उचलताना मीही टबात बसलो. शेजाऱ्याने दोघांना बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी अर्विंगला राहणाऱ्या मुलीचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"बाबा, सीरियसली, तुम्ही तो इन्शुरन्स का नाही घेतला? आईलाही नको होता म्हणालात ना?"

मी सवयीने "हो" म्हणणार होतो. बायको माझ्याकडे बघत होती. मग सगळं सांगितलं, टेबलासकट.

बायको म्हणाली, "नापास झालात, एवढंच ना? तेव्हा सांगितलं असतंत तर मी माझी ठेवली असती."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता उद्याच्या उद्या बाई शोधा. मला तुमच्या हातून परत पडायचं नाही."

सोमवारी बाई आली. बायकोने तिला इंग्रजीत माझी ओळख करून दिली, "हे माझे मिस्टर. यांना काही उचलायला देऊ नका."