वैशालीची चिठ्ठी

आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण — नाही, कारण वगैरे नकोच. सांगते.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी जुने सिनेमे दाखवायचे. प्रोजेक्टर माझा, निवड माझी, आधीचं भाषणही माझंच. सिनेमा संपला की प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं, नाव न घालता, आणि मी त्या वाचून दाखवायच्या. नाव नको हा नियमसुद्धा माझाच. बायका मोकळेपणाने लिहितील म्हणून.

त्या रविवारी एक जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा होता. धूर, सावल्या, आणि नवऱ्याचा मार खाता खाता एक दिवस त्याला गोळी घालणारी नायिका. त्या नटीवर माझा फार जीव. तिच्या चेहऱ्यावर अर्धाच उजेड का, ती पापणी न हलवता रडते कशी — आठवडाभर तयारी केली होती मी.

चिठ्ठ्या निघाल्या. ‘हिरॉइन देखणी, पण ओव्हरॲक्टिंग.’ ‘बाईने एवढ्या टोकाला जाऊ नये.’ ‘थोडं सोसलं असतं तर घर वाचलं असतं.’ आणि मग एक — ‘तिने मारलं ते बरोबर. उशीर केला, एवढंच. तो झोपलेला असताना मीही हातात उशी घेऊन उभी राहिलेय.’

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. चहाच्या वेळी जो तो त्या चिठ्ठीबद्दल बोलत होता. माझ्या भाषणाबद्दल एक शब्द नाही. एवढंसं कारण — हसू येतं ना?

अक्षर मी ओळखलं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरची वैशाली. पाण्याच्या वेळांची नोटीस तीच लिहायची. तिचा नवरा दिलीप वागळे इस्टेटमध्ये एका वर्कशॉपमध्ये होता. हसतमुख, जिन्यात भेटला की हातातली पिशवी घेणारा. पण एकदा वैशालीने दार उघडलं तेव्हा तिचा डोळा सुजून बंद झालेला. ‘कपाटाचं दार लागलं, काकू.’ मी म्हटलं, ‘हळद लाव.’ म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला माहीत होतं.

सोमवारी संध्याकाळी तो जिन्यात भेटला, हातात हेल्मेट.

“काय काकू, कालचा सिनेमा कसा झाला?”

छान झाला, म्हणून वर जाता आलं असतं. मी म्हटलं, “तुमच्या वैशालीची चिठ्ठी गाजली हो! झोपताना सांभाळून राहा.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. शब्दन् शब्द. हसत हसत. तोही हसला.

वर येऊन तांदूळ धुवायला घेतले. आधी भांडी पडल्याचा आवाज आला. मग तिचा. मग तिचा आवाज थांबला आणि नुसतेच ठोके — हेल्मेटचे, हे नंतर कळलं. मी काय केलं? टीव्हीचा आवाज वाढवला. त्याची भीती वाटली का? नाही. खाली गेले तर तो तिच्यासमोर म्हणेल, ‘तुम्हीच तर सांगितलंत’ — त्याची वाटली.

शेवटी तोच वर आला. “काकू, ही जिन्यावरून पडली.”

मी खाली गेले. ती त्यांच्या स्वयंपाकघरात होती. जबडा एका बाजूला लोंबत होता, लादीवर दोन दात, भिंतीवर स्विचच्या उंचीपर्यंत रक्त. हॉस्पिटलात हवालदाराने विचारलं तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळलं. तरी मी म्हटलं, “जिन्यावरून पडली. मी बघितलं.” त्याने लिहून घेतलं.

तिचा जबडा तारांनी बांधला होता तोवर मी रोज पेज नेली. सोसायटीत माझं कौतुक झालं. तारा निघाल्यावर भाऊ तिला कल्याणला घेऊन गेला. ती परत आली नाही. तिचं तोंड आता पुरतं उघडत नाही, डाव्या कानाने ऐकू येत नाही. दिलीपला काहीच झालं नाही. जिन्यात भेटतो, पिशवी घेतो. मी देते.

मागच्या महिन्यात वैशालीचा फोन आला. शब्द अजून दातांत अडकतात तिचे.

“काकू, त्याला चिठ्ठीचं कुणी सांगितलं असेल हो? मला तळमजल्यावरच्या शिंदेबाईंचा संशय येतो.”

मी म्हटलं, “असेल बाई. त्यांच्या पोटात काही राहत नाही.”