उलट्या वळणाच्या विड्या

मी डावरी आहे. सदलग्याला मला बघायला पाहुणे आले, तेव्हा पोह्यांची बशी उजव्या हातानंच पुढं करायची असं आईनं इतक्यांदा बजावलं होतं की भीतीनं माझे दोन्ही हात थरथरले आणि पाहुण्यांना मी लाजाळू वाटले. लग्न ठरलं. निपाणीला आल्यावर खरं काय ते नवऱ्याला पहिल्याच जेवणात कळलं. तो हसला आणि म्हणाला, भाकरी फुगली म्हणजे झालं, कुठल्या का हातानं थापलेली असेना. त्या एका बोलण्यावर मी त्याचे पुढचे पुष्कळ अपराध पोटात घातले.

तो तंबाखूच्या वखारीत हमाल होता. हंगाम सरला की वखारीला कुलूप लागायचं आणि पावसाळाभर मिळेल ते काम करायचं, नाही मिळालं तर घरी बसायचं. म्हणून गल्लीतल्या बायकांबरोबर मीही विड्या वळायला शिकले. कारखान्यातून टेंभुर्णीची पानं आणि तंबाखू तोलून मिळायची. घरी विड्या वळून पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे आणि सुपात घालून कारखान्यात न्यायचे. तिथं मुकादम एकेक कट्टा हातात घेऊन तपासायचा. सैल, वाकडी, तोंड नीट न मिटलेली विडी तो काढून टाकायचा. तिला छाट म्हणत. छाटाची मजुरी मिळत नसे आणि विडीही परत मिळत नसे. ती कुणाच्या तोंडात जळायची ते मालकालाच ठाऊक.

डाव्या हातानं वळल्यामुळं माझ्या विडीवर पान उलट्या बाजूनं गुंडाळलं जायचं. पहिल्या दिवशी मुकादमानं माझं अख्खं सूपच छाटात घालायला घेतलं. तेव्हा आक्का मध्ये पडली. आक्का म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यांत जुनी विडीवाली. कपाळ पांढरं, तोंड फटकळ, आणि हात असा की बोलताना तिचं विडीकडं लक्षही नसायचं. तिनं माझी एक विडी उचलून मुकादमापुढं धरली आणि ओढून बघ म्हणाली. त्यानं ओढली, दोन झुरके जास्तच ओढले, आणि एका अटीवर कबूल झाला. एका सुपात एकच वळण पाहिजे. माझ्या सुपात सगळ्या उलट्या चालतील, पण दुसरीच्या सुपात एकही उलटी दिसली तर ती छाट.

आमची खोली एका जैन घरमालकांच्या परसात होती. त्यांच्या घरात कानडी, खोलीपुढच्या आमच्या सोप्यात मराठी आणि भांडणात दोन्ही. आम्ही सात-आठ जणी त्या सोप्यात सूप मांडीवर घेऊन बसायचो. घरमालक चांगले होते, पण भाडं ठरल्या दिवशी द्यावं लागायचं. त्यातच महायुद्ध सुरू झालं. लढाई कुठं चालली होती आम्हाला नीट सांगता आलं नसतं, पण ती आमच्या चुलीपर्यंत आली होती. जोंधळा महागला, रॉकेल मिळेना, साखर शिधापत्रिकेवर गेली, आणि लुगडं घ्यायचं म्हटलं की नवरा दुसरीकडं बघायला लागायचा. हजार विड्यांची मजुरी मात्र होती तिथंच राहिली. पूर्वी बाजारादिवशी जोंधळा, मीठमिरची घेऊन उरलेल्या पैशात गुळाचा खडा यायचा. आता जोंधळा घेतला की पिशवीला पुढचं काम उरत नसे.

अशा दिवसांत मला दिवस गेले. हिशेब केला तर बाळंतपण ऐन पावसाळ्यात, म्हणजे वखार बंद असतानाच येत होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण आमच्या कारखान्याचा नियम असा की ओळीनं काही दिवस एखादीचं सूप आलं नाही, तर तिचं नाव कमी. दाराबाहेर नाव लागायची वाट बघत असलेल्या बायका काही कमी नव्हत्या. एकदा नाव गेलं की भाडं गेलं, खोली गेली, आणि तान्हं लेकरू घेऊन आम्ही दोघांनी कुठं जायचं? मी आईला माहेरी येत नाही म्हणून कळवलं आणि रात्री रडले. शेवटी आईच सदलग्याहून गाठोडं घेऊन आली.

मुलगी झाली. मी बाजेवर, खाली शेगडी, दार पुढं केलेलं. माझं नाव आता जाणार याच घोरात मी होते. तेवढ्यात आक्कानं दारातूनच सांगितलं, "गप पडून ऱ्हा. तुझं सूप रोज जाईल."

आणि ते गेलं. त्या बायकांनी माझ्या वाटची पानं आणि तंबाखू आणली, आणि आपलं काम झालं की प्रत्येकीनं एकदोन कट्टे माझ्यासाठी वळले. तेही उलटे, कारण माझ्या सुपात सरळ विडी गेली असती तर मुकादमाला कळलं असतं. आयुष्यभर उजव्या हातानं वळलेल्या बायका डाव्या हातानं झटापट करत होत्या. दाराआडून मला ऐकू यायचं. एक म्हणायची पान फाटलं, दुसरी म्हणायची दोरा सुटला, आणि मग सगळ्या मिळून माझ्या डाव्या हाताचा उद्धार करायच्या. मी आत हसायचे आणि डोळे पुसायचे. बाजारादिवशी आक्का माझी मजुरी उशाशी ठेवून जायची, आणि त्या पैशात मला बाळंतिणीला डिंकाचा लाडूसुद्धा मिळाला.

उठून फिरायला लागल्यावर मी स्वतः सूप घेऊन कारखान्यात गेले. बोटं आखडली होती, विड्या जेमतेम होत्या. मुकादमानं कट्टा हातात फिरवला आणि खाली बघतच म्हणाला, "आता ह्या खऱ्या तुझ्या. मागल्या महिन्यातल्या लई बऱ्या होत्या."

म्हणजे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग तो हळूच म्हणाला की तुझ्या सुपाकडं मी काणाडोळा केला, पण तुझ्या सोप्यातल्या बायकांच्या सुपांत उलट्या निघायला लागल्या, त्या मालकासमोर मला काढाव्याच लागल्या. डाव्या हाताची सवय लागून त्या बायका स्वतःच्या विड्याही मधूनच उलट्या वळून बसत होत्या. महिनाभर प्रत्येकीची छाट वाढली होती, म्हणजे प्रत्येकीचा जोंधळा कमी झाला होता. आणि सोप्यातून मला ऐकू यायच्या त्या फक्त माझ्या हाताला घातलेल्या शिव्या.

वाटेत मी आक्काला विचारलं, मला सांगितलं का नाही. ती म्हणाली, "सांगून काय, बाळंतिणीचं दूध आटवायचं व्हय?"

मी पैसे परत करू गेले तर एकीनंही हात पुढं केला नाही. ते मनात सलत राहिलं, कारण मला कुणाचं फुकट घेणं आवडत नाही. पुढच्या पावसाळ्यात सोप्यातली एक शेजारीण बाळंत झाली. तिचं सूप भरायला आम्ही बसलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हातानं विडी वळली. पहिल्या विड्या पाहून आक्का तंबाखू सांडेपर्यंत हसली. पण हळूहळू जमलं.

काही दिवसांनी मुकादम माझं सूप तपासताना थांबला. माझ्या उलट्या विड्यांतून त्यानं तीन-चार सरळ विड्या वेचून काढल्या, छाटात टाकल्या आणि माझ्याकडं बघितलं. मजुरी कापली गेली, त्या बायकांची गेली होती तशीच. मी रिकामं सूप डोक्यावर घेतलं आणि घरापर्यंत हसत आले.