जाताना हरून जायचं

आमच्या शेजारच्या जपानी पैलवानाइतका हरलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल, आणि हरण्याचा इतका अभिमान बाळगणारा तर पृथ्वीतलावर नसेल. दोन हजार चार-पाचच्या सुमारास लंडनजवळच्या रीडिंग गावात आमच्या भिंतीला भिंत लागून तो राहायचा. दर शनिवारी कुठल्यातरी गावच्या लेझर सेंटरमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या क्रीडागृहात, दुष्ट जपानी बनून मार खायला जायचा. पंचाची नजर चुकवून समोरच्याच्या डोळ्यांत मीठ फेकायचं, लोकांचे शिव्याशाप पोटभर घ्यायचे आणि शेवटी चितपट व्हायचं, ही त्याची वीस वर्षांची नोकरी. मीठ आमच्याकडून जाई. एकदा बायकोने खडेमीठ दिलं तर परत घेऊन आला. समोरच्याला खडे लागतील म्हणाला, बारीक असेल तर द्या.

एरवी हा माणूस मुंगीलाही वाट देणारा. गल्लीतल्या सगळ्यांच्या रिसायकलिंगच्या पेट्या नीट लावून ठेवायचा, मांजराला चुकून पाय लागला तर कमरेत वाकून माफी मागायचा. बेसिंगस्टोकला एका आजींनी भर सामन्यात त्याच्या पाठीत छत्री घातली आणि ती तिथेच विसरून गेल्या. हा तसाच घामाघूम बसस्टॉपपर्यंत धावत जाऊन ती देऊन आला. आजींनी आभार मानले आणि त्याच छत्रीने आणखी एक ठेवून दिली. "त्यांचा विश्वास बसला होता, डॉक्टर," बढती मिळाल्यासारखा चेहरा करून तो मला सांगत होता.

मी कोल्हापूरचा, तालमीशेजारी वाढलेला. ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात आणि ती करणाऱ्याला गाव थारा देत नाही, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. त्याने शांतपणे विचारलं, तुमच्या आखाड्यात समोरच्याची मान सांभाळायची जबाबदारी कुणाची असते?

मान शेवटी त्याचीच गेली. एक्स-रे बघून मीच सांगितलं, आता बास. एक शेवटची लढत आणि मग कायमचं ओसाकाला परत, असं ठरलं. प्रश्न होता तो त्याच्या बारा वर्षांच्या मुलीचा. शाळेत पोरं तिला लूझरची मुलगी म्हणायची. वडलांना एकदा जिंकताना बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. पण त्यांच्या धंद्यात रीतच अशी की जाणाऱ्याने हरून जायचं, आपल्या पराभवाने मागे राहणाऱ्याचं नाव मोठं करून जायचं.

"अहो, तुम्ही बोला ना त्याच्याशी," बायको म्हणाली. "लास्ट मॅच आहे. एकदा जिंकला तर कुणाचं काय बिघडतं?"

मी बोललो. दोन दिवस विचार करून त्याने आयोजकाला विचारलं, आणि आयोजक चक्क हो म्हणाला.

लढत दुसऱ्या गावी होती; मुलगी आमच्याबरोबर पहिल्या रांगेत होती. ठरल्याप्रमाणे समोरचा पैलवान, नुकताच नाव कमावू लागलेला तिथलाच तरुण, पाठीवर पडला. पंचाने तीन मोजले की जिंकलं; त्याने एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि आमच्या पैलवानाने पकड सैल केली. तरुण गोंधळला. याने त्याच्या कानात काहीतरी पुटपुटलं आणि मिनिटभरात स्वतःच चित झाला. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला.

मला भयंकर राग आला. परत येताना गाडीत मी त्याला सुनावलंच, की पोरीसाठी एक दिवस रीत मोडली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?

"त्या पोराला पुढच्या शनिवारी तिथेच, त्याच लोकांसमोर लढायला उतरायचंय," तो म्हणाला. "मी विजय ओसाकाला नेऊन काय करू?"

मागच्या सीटवर मुलगी बायकोशेजारी होती. आरशात तिच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. मग ती बोलली, तीही वडलांशी नाही, माझ्याशी.

"अंकल, तीन होणारच होते. बाबांनी दोनला सोडलं. मी बघितलं."

पैलवानाने मागे वळायचा प्रयत्न केला, पण मान वळेना. मग त्याने नुसताच हात मागे केला. तिने तो धरला आणि रीडिंग येईपर्यंत धरून ठेवला.

महिन्याभरात ते गेले. मला त्या माणसाची फार आठवण येते, आणि त्याहून जास्त त्या दिवशीच्या परतीच्या रस्त्याची. घर लवकर येऊ नये म्हणून मी गाडी सावकाश चालवत होतो.